हात मांडीखाली

माजलगावला बदली होऊन आले तेव्हा मला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागली. एक तिथल्या उन्हाची आणि दुसरी शेजारच्या प्रयागकाकूंची. उन्हाची सवय लवकर झाली. काकूंची झाली असं म्हणायला अजूनही धीर होत नाही.

आमचं भाड्याचं घर आणि काकूंचं घर यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीलगत पेरूचं झाड. झाड काकूंचं, पेरू गल्लीचे. घरापुढे शहाबादी फरशीचा लांब ओटा आणि वर पत्र्याची पडवी. दुपारचं ऊन कललं की त्या ओट्यावर सतरंजी पडायची आणि ज्यांना अजून शाळेत कुणी घेत नाही अशी गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली तिथे जमायची. कुणी आईच्या कडेवर, कुणी आजीच्या बोटाला धरून, कुणी नुसती चड्डी सावरत एकटीच. काकू त्यांच्याकडून कागदाच्या वस्तू करून घ्यायच्या. त्याला त्यांनी काही मोठं नाव दिलं नव्हतं. "लेकरं कागद खेळायलेत," एवढंच म्हणायच्या.

मी पहिल्यांदा मुक्ताला घेऊन गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. काकूंनी तिच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा दिला. मुक्ता तो ओढत होती, चुरगाळत होती, तोंडात घालत होती, पण कागद काही फाटेना. मी सहज हात पुढे केला. म्हटलं, टोकाला जरा चीर पाडून द्यावी.

"मुक्ताची आई, हात मांडीखाली."

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाल्या.

"तुमालाच म्हणलं. दोनी हात. मांडीखाली घ्या. हां, आसं. आता बसा."

बँकेत माझ्या सहीशिवाय तिजोरी उघडत नसे, आणि इथे मी स्वतःच्याच हातांवर बसले होते. बाजूला पाहिलं तर हायस्कूलच्या एक शिक्षिका तशाच बसलेल्या, त्यांच्यापलीकडे एक आजी तशाच. सगळ्याजणी अंडी उबवणाऱ्या कोंबड्यांसारख्या गप्प, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मुक्ताने बराच वेळ त्या कागदाशी झटापट केली. मग एकदम चर्रकन आवाज झाला. तिने एका हातातला तुकडा पाहिला, दुसऱ्या हातातला पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात अडकलेले.

"बगा," काकू म्हणाल्या. "देवानं एक दिलता, लेकरानं दोन केले."

त्या घरात या नियमाची खरी परीक्षा मात्र पुढे झाली, आणि ती आम्हा आयांची नव्हती. मागच्या हिवाळ्यात काकूंचा उजवा हात गेला. तो परत येणार की नाही हे बरंचसं त्यांच्या यजमानांवर होतं. म्हणजे अप्पा काय करतात यापेक्षा काय करायचं सोडतात यावर. आणि अख्ख्या गल्लीत हात आवरणं जमणार नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे अप्पा. त्यांना काकूंनी ओट्यावरून कधीच हद्दपार केलं होतं. तेव्हा अप्पांना हे जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

पण आधी काकू.

काकू उंच, हाडापेराने दणकट. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. त्या ओट्यावर बोलल्या की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडायची. कुणाच्या घरी आल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि केराच्या टोपलीत डोकवायच्या. टूथपेस्टचं खोकं, उदबत्तीचं पुठ्ठ्याचं नळकांडं, नव्या शर्टाच्या कॉलरमधला कागद, जे सापडेल ते बाहेर काढून विचारायच्या, "हे टाकायलाव? कावून?" या 'कावून'ला, म्हणजे 'का'ला, उत्तर नसायचं. आमच्याकडे एकदा बँकेतले साहेब जेवायला आले होते. त्यांच्यादेखत काकूंनी टोपलीतून मिठाईचं रिकामं खोकं उचललं, पदराने पुसलं, साहेबांना "जेवा, जेवा" म्हणाल्या आणि निघून गेल्या. साहेबांनी मला नंतर हळूच विचारलं की या बाई कोण. मी म्हटलं, आमच्या गल्लीच्या मालकीण.

माहेर घाटनांदूरचं. वडिलांचं किराणा दुकान. लहानपणी शाळेतून आलं की पुड्या बांधायला बसायचं. साखरेची पुडी वेगळी, हळदीची वेगळी, तंबाखूची वेगळी. कागदाशी त्यांची ओळख तिथली. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटत जातं आणि आडवं फाडलं तर कुठेही भरकटतं, हे मला चाळिशीला आल्यावर काकूंनी दाखवलं. "उभा कागद ऐकतो, आडवा रुसतो," त्या म्हणायच्या. नव्या लेकराला त्या उभा कागद द्यायच्या. बोटांत जोर आला, धीर आला की मग आडवा. गल्लीत लेकरांचं मोठेपण त्यावर ठरायचं. "गुड्डू आडव्याला आला," असं त्याची आई इतक्या कौतुकाने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं गुड्डू तहसीलदार झाला.

खळ त्या स्वतः शिजवायच्या. गव्हाचं पीठ, पाणी, चिमूटभर मीठ आणि मंद आच. वडिलांच्या दुकानात खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण काकूंच्या खळीत ते विष चालत नसे, कारण नवं आलेलं प्रत्येक पोर आधी खळ चाटून बघणारच. "चाटू द्या. दोन दिस चाटंल, मंग चव न्हाई म्हणून सोडून देईल." खळ लावायला एकच बोट. "एक बोट खळीचं, बाकीची घरची," हे त्या प्रत्येक लेकराला त्याचं बोट धरून सांगायच्या. आमची मुक्ता पुढे कितीतरी दिवस ते एक बोट वर करूनच झोपायची.

रंग हळदीचा, बिटाचा, चहाच्या चोथ्याचा, मेथी उकडलेल्या पाण्याचा. भेंडीचं बूड कापून त्याचे ठसे. बांगडी ठेवून तिच्याभोवती बोटाने गोल. वर्तमानपत्राची सुरळी करून ती मेथीच्या पाण्यात बुडवली की झाला ऊस. असे ऊस वाळवून, सुतळीने त्यांची मोळी बांधून, चपलांच्या खोक्यातून कारखान्याला निघायचे. कारखाना म्हणजे काकूंचा पाटा. त्या भागात हा खेळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ओट्यावर कातर चालत नसे. "बोटं हायेत तवर कातर कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

आणि झालेल्या वस्तूला 'हे काय आहे' असं विचारायची बंदी होती. एकदा गुड्डूची आजी म्हणाली, "ह्यो मोर हाय का कोंबडी?" गुड्डूने तो प्राणी पटकन पाठीमागे लपवला. काकूंनी आजीकडे असं पाहिलं की तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. "आत्याबाई, 'काय हाय' न्हाई विचारायचं. 'कसं केलं' विचारायचं." आजीने मान खाली घालून विचारलं, "कसं केलं रे?" गुड्डू मग थांबेचना. कुठे फाडलं, कुठे चिकटवलं, कुठे थुंकी लावली, सगळं सांगत बसला. शेवटी आजीच म्हणाली, "बास बाबा, मोरच हाय."

आता अप्पा. पाटबंधारे खात्यात ते कालव्यांचे नकाशे काढायचे. जन्मभर सरळ रेघा ओढलेला माणूस. किडकिडीत, गोरे, शर्टाच्या खिशात कायम टोक केलेली पेन्सिल. दोरीवर कपडे वाळत घालताना टोकाला टोक जुळवायचे. भाकरीचे चतकोर केले तर चारही सारखे निघायचे. भिंतीवरची तसबीर जरा तिरकी दिसली की बोलता बोलता उठून सरळ करायचे, मग ती आपल्या घरातली असो की दुसऱ्याच्या. माणूस साखरेसारखा गोड, पण कुठलीही वाकडी गोष्ट त्यांना बघवत नसे.

पोळ्याच्या वेळी घडलं ते मी स्वतः पाहिलं. कुंभाराकडून मातीचे बैल आणले होते आणि लेकरांनी फाडलेल्या कागदाच्या झुली करून त्यांच्या पाठीवर चिकटवल्या होत्या. कुठली झूल अर्ध्या बैलावर, कुठली शेपटीवर, एक तर थेट तोंडावर. ओट्यावर बैल रांगेने वाळत ठेवले होते. सगळे घरी गेल्यावर अप्पांनी फूटपट्टी आणली, कातर आणली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या झुली नीट केल्या. कडा सरळ, दोन्ही बाजू सारख्या, खाली झालर कातरलेली. खरं सांगायचं तर फार सुरेख दिसत होते बैल.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. प्रत्येकजण आपला बैल शोधायला लागला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. आमची मुक्ता रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग तिने भोकाड पसरलं. "मपला न्हाई! मपला न्हाई!" 'मपला' म्हणजे माझा; हा शब्द तिने ओट्यावरच उचलला होता. तिचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. एकाही पोराने एकही बैल घरी नेला नाही. अप्पा दारात उभे होते, हातात कंगोरे पाडायची कातर. त्यांना काय झालं तेच कळेना.

काकू ओरडल्या नाहीत. ओट्यावर त्या कुणालाच ओरडत नसत. म्हणाल्या, "अहो, तुमी आतमधी बसा. तुमचं काम मी तुमाला आतमधी देते."

हे काम म्हणजे देव काढणं. ओट्यावरचा सगळ्यात चांगला कागद म्हणजे लग्नपत्रिका. जाड, चकचकीत, रंगीत. तिथल्या पत्रिका म्हणजे निवडणुकीच्या यादीएवढ्या लांब, घरच्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं. लग्न पार पडलं की जो तो आपल्याकडची पत्रिका काकूंना आणून द्यायचा. पण वर गणपती असतो, कुणाच्या पत्रिकेवर तथागत असतात, बाबासाहेब असतात, कुणाच्या पत्रिकेवर चांदतारा. तो भाग फाडायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. म्हणून अप्पांनी आत टेबलापाशी बसून तो तेवढा कापून वेगळा करायचा आणि साठला की सिंदफणा नदीला नेऊन सोडायचा. सरळ कडांचं, नेमकं, सोवळं काम. अप्पा खूश. काकू म्हणायच्या, "सगळे देव ह्यांच्याकडं, सगळी लेकरं मपल्याकडं."

यात एक नियम होता. लग्न व्हायचं असलेली पत्रिका भिंतीवरच्या खिळ्याला आणि होऊन गेलेली टेबलावरच्या खोक्यात. खिळ्यावरच्या पत्रिकेला हात लावायचा नाही. पण एके दिवशी खिळ्यावरच्या एका पत्रिकेचा कोपरा दुमडला होता. अप्पांनी ती नुसता कोपरा सरळ करायला काढली, टेबलावर ठेवली, वरून हात फिरवला. समोर गणपती दिसला. हाताला सवय. कातर चालली.

उरलेला कागद ओट्यावर आला आणि त्याचा एक मासा झाला. तो मासा ज्या पोराने केला ते पोर समोरच्या गुत्तेदारांचा नातू. गुत्तेदार म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारे. गल्लीत त्यांना नावाने हाक मारायची कुणाची टाप नव्हती. पोर मासा नाचवत घरी गेलं. माशाच्या पोटावर सोनेरी अक्षरांत 'चि.सौ.कां.' आणि पुढे त्याच्याच आत्याचं नाव. लग्न पुढच्या आठवड्यात.

गुत्तेदार नातवाला एका हाताने उचलून आणि दुसऱ्या हातात मासा धरून ओट्यासमोर येऊन उभे राहिले. कबुतरं यावेळी त्यांच्या आवाजाने उडाली.

"वहिनी! लगीन लागायचंय अजून, अन् पत्रिका फाडली? पोरीच्या लग्नात आसला अपशकुन? कुणी केलं हे?"

"म्या केलं," नातू खुशीत म्हणाला.

तेवढ्यात अप्पा बाहेर आले. चेहरा पांढराफटक. "चूक मपली हाय, गुत्तेदार. म्याच काढली खिळ्यावरची. कोपरा दुमडलाता."

मला वाटलं, आता अप्पांची धडगत नाही. काकू पायरी उतरल्या आणि अप्पांच्या पुढे उभ्या राहिल्या. "खिळा मपला, घर मपलं, जिम्मा मपला. ह्यांना काय इचारता? आत या आधी."

गुत्तेदारांना त्यांनी देवघरापुढे नेलं. तिथे अप्पांनी कापलेला पत्रिकेवरचा गणपती भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्याच्यापुढे जास्वंदीचं ताजं फूल होतं. न झालेल्या लग्नाचा देव आपण कापला हे अप्पांच्या दुपारीच लक्षात आलं होतं, आणि सांगायचा धीर न झाल्यामुळे त्यांनी तो गुपचूप देव्हाऱ्यात बसवला होता. काकूंनाही ते फूल पाहूनच कळलं असणार.

"तुमच्या पोरीचा देव हितं पूजेला बसलाय," काकू म्हणाल्या. "लगीन लागस्तवर रोज फूल वाहीन. अन् राहिला मासा. तो तर तिच्या भाच्यानं केला. गुत्तेदार, धरणात माशाला किती पिल्लं आसतेत, मोजलेत का कधी? ह्याच्यापरीस चांगला शकुन मला तरी ठाव न्हाई. तुमाला ठाव आसंल तर सांगा."

 गुत्तेदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो मासा लग्नाच्या मांडवात पुढच्या खांबाला टांगलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. नवरीने हट्टाने लावायला लावला, असं नंतर कळलं.

त्या दिवशी गुत्तेदार निघून गेल्यावर अप्पा टेबलापाशी मान खाली घालून बसले होते. काकू त्यांना म्हणाल्या, "लेकराच्या हातचा मासा व्हता म्हणून निभावलं. तुमी केला आसता तर चारी बाजू सारख्या आल्या आसत्या, अन् कुणीच ऐकून घेतलं नसतं." अप्पा हसले. मीही हसले. त्या नवराबायकोंचं असंच चालायचं.

मग तो हिवाळा. एका सकाळी खळ ढवळता ढवळता काकूंच्या हातातून उलथनं गळून पडलं, आणि ते उचलायला त्या वाकल्या त्या वाकल्याच. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं; अर्धांगवायूचा झटका होता. परत आल्या तेव्हा जीभ जरा जड होती, पाय ओढत होता, आणि उजवा हात घडी करून ठेवलेल्या रुमालासारखा मांडीवर पडून होता. जीभ लवकर सुधारली. काकूंची जीभ किती दिवस गप्प बसणार! पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात तेवढा उठेना.

व्यायाम करून घ्यायला परळीची एक मुलगी यायची. ती अप्पांना परोपरीने सांगायची, "आजोबा, त्यांना करू द्या. चमचा पडला तर पडू द्या. वापरला नाही तर हात विसरून जाईल." अप्पा मान डोलवायचे, आणि ती फाटकाबाहेर पडली की चमचा उचलायचे. ते काकूंना भरवायचे आणि एक शीत सांडायचं नाही. वेणी घालायचे आणि भांग ओळंब्यात असायचा. साडीच्या निऱ्या तर अशा की आम्हा बायकांनी लाजावं. जन्मभर ज्या बाईने आपल्या कुठल्याच गोष्टीला हात लावू दिला नव्हता ती आता सगळीच्या सगळी त्यांच्या हाती आली होती, आणि ती जराही वाकडी दिसू नये म्हणून ते दिवसभर झटत होते. ओटा बंद पडला. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिली.

मला फार वाईट वाटायचं. अप्पांचा रागही यायचा. आणि राग येऊनही काही बोलता यायचं नाही, कारण त्यांच्याइतकं जिवापाड कुणी कुणाचं करताना मी पाहिलं नव्हतं.

एकदा गेले तेव्हा अप्पा संत्रं सोलत होते. प्रत्येक फोडीची शीर काढून, बी काढून काकूंच्या तोंडात घालत होते. काकूंनी तोंड मिटून घेतलं.

"मुक्ताची आई," त्या म्हणाल्या, "ह्यांचे हात बगा. दोन हायेत, दोनी चालायलेत. मपला एक बसलाता, त्याला ह्यांनी कायमची सुट्टी देऊन टाकली."

"तिला तरास हुतो, मॅडम," अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. "फोड धरती, निसटती. पुन्हा धरती, पुन्हा निसटती. बगवत न्हाई."

"बगवत न्हाई तर डोळे झाका की. हात कावून चालवता?"

 अप्पांनी हातातली फोड ताटलीत ठेवली, उठून मागच्या दारी नळावर गेले आणि पुष्कळ वेळ हात धूत राहिले. काकू त्या फोडीकडे बघत होत्या. मी निघाले तेव्हा फोड ताटलीतच होती.

पुढे मी आठवडाभर गावी होते. आल्यावर बँकेत वर्षअखेरीची धांदल, आणि त्यातच माझी बदली आली. सामानाची बांधाबांध सुरू झाली. आमच्या घरातून निघालेली खोकी आता कुणाला द्यायची, या विचाराने मला रडू यायचं. जायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि मी मुक्ताला घेऊन काकूंचा निरोप घ्यायला गेले. फाटकाशीच थबकले. ओट्यावर सतरंजी घातलेली होती.

दोनचार पोरं होती. गुत्तेदारांचा नातू होता, आता चांगलाच उंच झालेला. मधोमध काकू भिंतीला टेकून बसलेल्या. भांग वाकडा होता. पदर एका बाजूला घसरलेला, पोलक्याचं एक बटण भलत्याच काजात. एकूण स्वतःच्या हाताने तयार झाल्यासारख्या दिसत होत्या. मांडीवर वर्तमानपत्राचा तुकडा होता, उभा धरलेला. डाव्या हाताने एक कड पकडली होती आणि उजव्या हाताची बोटं दुसऱ्या कडेवर टेकली होती. बोटं थरथरत होती, पण टेकली होती.

आणि समोर, पोरांच्या रांगेत, अप्पा. पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल, दोन्ही हात मांडीखाली. हातांवर इतका भार देऊन बसले होते की दंड ताठले होते. डोळे काही त्यांनी झाकले नव्हते. त्या बोटांवरून त्यांची नजर हलत नव्हती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात अडकलेले असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं.

मी मुक्ताला घेऊन टोकाला बसले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. काकूंनी कड चिमटीत घेतली, ओढली. निसटली. पुन्हा घेतली, पुन्हा निसटली. त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा कागदच मांडीवरून घसरला आणि फरशीवर माझ्या पायापाशी आला. मी वाकले. नुसता उचलून द्यावा म्हणून.

"मॅडम," अप्पांचा आवाज आला. मान न वळवताच ते म्हणाले, "हात मांडीखाली."

मी हात मांडीखाली घेतले. मुक्ताने तर ते आल्याआल्याच घेतले होते. काकू पुढे झुकल्या. डावा हात टेकवला, उजवा पुढे सरकवत सरकवत कागदापर्यंत आणला, कागद दोन बोटांत धरला आणि परत मांडीवर ओढून घेतला. मग कड चिमटीत धरली, आणि चर्रकन आवाज झाला.